धसकटं ठेवलेलं वावर

मला ते वावर प्रयोगासाठी हवं होतं, कारण ते आंजीच्या रस्त्याला अगदी लागून होतं. एसटीच्या खिडकीतूनही दिसेल असं. कृषीची पदवी घेऊन एका संस्थेत कामाला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. गहू-ज्वारी पिकवणाऱ्या कास्तकारांना धसकटं जाळू नका म्हणून समजवायचं, युरिया एकदम न फेकता थोडा थोडा द्यायला लावायचा, पिकाचा काडीकचरा जमिनीतच राहील असं बघायचं, हे आमचं काम. त्यानं जमीन सुधारते आणि हवा तापवणारे वायूही कमी निघतात. हे वायू मोजायला आमच्याकडे डबे होते. जमिनीत एक लोखंडी चौकट ठोकायची, तिच्यावर डबा पालथा ठेवायचा, आणि ठरावीक वेळानं वरच्या रबरातून सुई घालून आतली हवा ओढून काचेच्या कुपीत भरायची. कुप्या प्रयोगशाळेत जायच्या.

पहिल्यांदा मी तो डबा मांडत होते तेव्हा वावराचे मालक धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून बघत होते. साठी उलटलेले, अंगात पांढरा सदरा, डोक्याला दुपट्टा.

"काऊन वो बाई, हे काय मांडून राह्यली?"

"हवा मोजून राह्यली काकाजी."

"हवा? मोजून काय करशीन तिले?"

मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि मग विचारलं, "गाव कोणतं तुहं? कोणाची पोरगी?"

मी म्हटलं, पुलगावची. वडील गिरणीत होते, गिरणी सुटल्यावर दुसऱ्यांच्या वावरात रोजीनं जायचे. आडनावही सांगितलं. त्यावर ते हसले आणि घराकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "चहा ठेव वं, आपलीच पोरगी हाय." त्या दिवसापासून ते काकाजी आणि त्यांची बायको काकू.

गहू नुकताच निघाला होता. हार्वेस्टरनं वरच्यावर कापलेला, त्यामुळे गुडघाभर धसकटं उभी आणि मधे मधे काडाच्या ओळी पडलेल्या. आसपासची वावरं जळून काळी झाली होती. काकाजींनीही जाळायचा दिवस ठरवला होता. मी त्यांना थांबा म्हणाले. आगीनं वरच्या थरातले जीव मरतात, काडाबरोबर जमिनीत परत जायला हवं ते सगळं धूर होऊन जातं, हे शिकलेल्या भाषेत नाही, तर शेणाच्या उकिरड्याचं उदाहरण देऊन सांगितलं. काकाजींना ते पटत होतं. तरीही ते नाहीच म्हणत होते.

तिसऱ्या दिवशी मी थोडी चिडून विचारलं, "तुम्हाले समजते सगळं, मंग नाई काऊन म्हणता?"

 मग बांधावर बसून त्यांनी सांगितलं. त्यांच्या वडिलांचं आयुष्य दुसऱ्यांची वावरं साफ करण्यात गेलं होतं. धर्म बदलल्यानंतर घरात पहिल्यांदा शाळा आली, मग पुष्कळ वर्षांनी हे वावर. जेव्हा ते घेतलं तेव्हा गावातली काही माणसं म्हणाली होती, यायले काय शेती जमते? "माह्या बापानं मंग ठरवलं. आपलं वावर साऱ्या शिवारात साफ दिसलं पाह्यजे. एक काडी नाई राह्यली पाह्यजे. मरेपर्यंत त्यानं तसं ठेवलं. मीबी तसंच ठेवलं. अन् तू म्हणतं, रस्त्याकाठचं वावर गबाळ्यासारखं ठेवा."

मला हे कुणी शिकवलं नव्हतं. कृषी महाविद्यालयात धसकट जाळण्याची कारणं आम्ही लिहिली होती: मजूर मिळत नाहीत, वेळ नसतो, किडीची भीती. स्वच्छ वावर ही एका घराची इज्जत असू शकते, हे त्या यादीत नव्हतं. आणि माझे वडीलही दुसऱ्यांची वावरं साफ करतच म्हातारे झाले होते, तरी मला ते सुचलं नव्हतं.

 मार्ग काकूंनी काढला. काकूंना दोन-तीन वर्षांपासून ज्वारी हवी होती. घरची भाकर सुटली होती आणि बैलांना कडबा विकत आणावा लागत होता. पावसाळ्यात काकाजी सोयाबीन सोडून काही पेरत नव्हते. काकू म्हणाल्या, "जाळू नोका. या पोरीचं ऐका. रोटावेटर मारून काड मातीत घाला म्हणजे वावर साफबी दिसन. अन् तिथं या साली ज्वारी पेरा." दोन्ही बाजूंचं साधलं होतं. काकाजी तयार झाले. मी इतकी खूश झाले की वर आणखी एक गोष्ट त्यांच्या गळ्यात मारली: पेरणीच्या वेळचा युरिया निम्मा करा. काड मातीत कुजेल, त्यातून पिकाला मिळेल, असं मी अगदी ठामपणे सांगितलं.

मे महिन्यात काड गाडलं गेलं. जूनमध्ये ज्वारी पेरली. उगवण छान झाली. मी दर आठवड्याला सकाळी जाऊन डबा मांडत होते, कुप्या भरत होते. रस्त्यानं जाणारे थांबून विचारायचे आणि काकाजी त्यांना माझ्याहून चांगलं समजावून सांगायचे.

मग दोन आठवडे मला समुद्रपूरकडच्या गावांत जावं लागलं. तिकडे असताना काकूंचा फोन आला.

"बाई, एकदा येऊन जाजो."

"काय झालं काकू?"

"ज्वारी पिवळी पडली. अन् हे आता रस्त्यानं वावरात जातच नाई. नाल्याकडून फिरून जाऊन राह्यले."

मला त्या दुसऱ्या वाक्यानं जास्त धक्का बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहोचले. रस्त्यावरूनच दिसलं. डाव्या-उजव्या हाताच्या वावरांत गर्द हिरवं सोयाबीन आणि मधोमध दोन एकर फिकट, पिवळी, खुजी ज्वारी. काकाजींच्या वावराची हद्द कुणालाही दुरून आखून दाखवता आली असती. पानठेल्यावर कुणीतरी म्हणालं होतं म्हणे, वावराला हळद लावली का काय.

मी चार-पाच ठोंबं उपटली. मुळांशी गव्हाचं काड जसंच्या तसं, सोनेरी, कडक होतं. हातात घेतलं आणि मला लगेच कळलं. गव्हाच्या काडात नत्र फार कमी असतो. ते मातीत घातलं की कुजवणारे जीव कामाला लागतात आणि त्यांना लागणारा नत्र ते जमिनीतूनच उचलतात. तेवढे दिवस पीक उपाशी राहतं. हे दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात होतं. परीक्षेत मी त्यावर उत्तरही लिहिलं होतं. काड गाडायचं असेल तर त्या साली युरिया कमी करायचा नसतो, आणि काड गाडून लगेच ज्वारीसारखं खादाड पीक तर घ्यायचंच नसतं. मी एकाच वेळी दोन्ही चांगली कामं करायला निघाले होते आणि दोन्ही मिळून ज्वारीच्या मुळावर आली होती.

काकाजी नाल्याकडून आले. मी त्यांना सरळ सांगितलं, "काकाजी, चूक माही हाय. काड गाडलं ते बरोबर होतं. पण युरिया कमी करा म्हटलं ते चुकलं. पीक मेलं नाई, वाचते. पण चूक माही हाय."

मला वाटलं ते रागावतील. ते माझ्या हातातली काडी घेऊन बघत होते.

"हे तू मले इथं सांगून राह्यली," ते म्हणाले. "इथं कोण ऐकून राह्यलं? मी, अन् हे बगळे. लोकं तं म्हणून राह्यले का म्हाताऱ्याले शेती जमत नाई."

"मंग कुठं सांगू?"

"वर्षावास सुरू हाय. संध्याकाळी विहारात सारे येतात. तिथं सांग."

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आम्हा बौद्धांकडे रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असतं. लहानपणी पुलगावला मी आईबरोबर जायचे, पहिल्या रांगेत बसून पेंगायचे. त्या संध्याकाळी वंदना झाली, वाचन झालं, आणि काकाजींनी हात वर करून सांगितलं की या पोरीला दोन शब्द बोलायचे आहेत. बायका पुढे, माणसं मागे, आणि दारात काही शेजारच्या मोहल्ल्यातले, इतर समाजाचे कास्तकारही उभे होते. बातमी आधीच पोहोचली असणार.

मी उभी राहिले. ज्वारी का पिवळी पडली ते सांगितलं. काकाजींनी मी म्हटलं तसंच केलं, त्यांच्याकडून एक काम चुकलं नाही, सल्ला माझा चुकला, हे सांगितलं. पुढे काय करणार तेही सांगितलं.  मागून एक जण म्हणाला, "मंग आमी तुमचं ऐकावं काऊन?"

मी म्हटलं, "एकदम ऐकू नोका. आधी या ज्वारीचं काय होते ते पाहा. दर आठवड्याले मी येईन. तुम्हीबी या."

दुसऱ्या दिवशी काकाजी रस्त्यानं वावरात गेले.

आम्ही युरिया तीन हिश्शांत दिला. मुठीनं न फेकता, डवरणीच्या, म्हणजे कोळपणीच्या, मागे ओळीत टाकून मातीखाली झाकून, जमीन ओली असताना. काकू आणि दोन बायकांनी ते काम केलं, कारण त्यांचा हात एकसारखा होता. पंधरा दिवसांत वरची पानं हिरवी निघाली. खालची पिवळीच राहिली, पण रस्त्यावरून आता हिरवंच दिसत होतं. लोक खरंच बघायला येऊ लागले. त्यातल्या एकदोघांनी युरिया झाकून द्यायची पद्धत तिथल्या तिथं उचलली. ज्वारीचं पीक काकाजींच्या पूर्वीच्या ज्वारीपेक्षा थोडं कमीच आलं, ते मी लपवलं नाही. कडबा मात्र भरपूर झाला आणि घरात भाकर आली. काकूंचा त्या ज्वारीवर कधीच राग नव्हता.

प्रयोगशाळेतून कुप्यांचे निकाल आले तेव्हा मी कागदावर दोन रेघा काढून काकाजींना दाखवल्या. एक त्यांच्या वावराची, एक जिथं युरिया एकदम फेकला होता आणि लगोलग पाऊस झाला त्या दुसऱ्या गावच्या वावराची, तिथंही आमचा डबा होता. दुसरी रेघ पावसानंतर एकदम वर चढली होती.

"ही वर काऊन गेली?"

"त्या वावरातला युरिया पाण्यात सापडला काकाजी. पिकानं घ्यायच्या आधी वायू होऊन उडाला. हा वायू लय वाईट. ऊन वाढवते."

त्यांनी कागद लांब धरून बघितला. "म्हणजे आमी पिकाले देतो, अन् खाते आभाळ!"

मी किती तरी बैठकांमध्ये हे अर्धा अर्धा तास समजावत होते. त्यानंतर मी प्रत्येक बैठकीत काकाजींचं हेच वाक्य सांगते.

दिवाळीनंतर त्यांनी त्याच वावरात गहू पेरला आणि एक दिवस मला बैलांच्या कोठ्यात नेलं. बैलांच्या पायाखाली कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, अंथरलेलं होतं. त्यांनी काठीनं ते उकरलं. वर कोरडं, खाली काळं, भिजलेलं, वाफ निघणारं.

"पाह्य. ढोरायच्या पायाखाली कुटार टाकलं तं कसं कुजते? वरून शेणमूत पडते म्हणून. आपण वावरात सुकंच गाडलं. अन् गाडावं काऊन? वरच राहू दे ना. वरून शेणाचं पाणी मारू. अन् मधात तूर-सोयाबीन टोकू. शेंगेचं पीक आपलं आपण पाह्यते, त्याले उपाशी राह्याचं काम नाई."

हे सगळं बरोबर होतं. शेंगवर्गीय पीक हवेतला नत्र घेतं, त्याला काडाचा त्रास होत नाही. मी फक्त एवढंच विचारलं, "पण काकाजी, वर ठेवलं तं वावर साफ दिसणार नाई."

"लोकायनं पिवळं पाह्यलं," ते म्हणाले, "आता गबाळं पाह्यतीन."

त्या उन्हाळ्यात गहू निघाला आणि शिवारात काकाजींचं एकच वावर धसकटासकट उभं राहिलं. एप्रिलच्या मध्यावर, दुपारी, मी गावातच एका घरी बैठक घेत होते. बाहेर आरडाओरड झाली. काकाजींच्या शेजाऱ्यानं आपलं वावर पेटवलं होतं, वारा फिरला होता, आणि आग धुऱ्यावरचं वाळलं गवत धरून काकाजींच्या धसकटांत शिरली होती. दोन एकर वाळलेलं काड. पेट घ्यायला काही क्षण पुरले असते.

आम्ही धावलो. काकाजी कडुनिंबाची ओली फांदी घेऊन आधीच झोडपत होते. काकूंनी विहिरीजवळ पोती ओली केली. आणि तो शेजारी, ज्याच्या हातून हे झालं होतं, तो घरी पळत गेला आणि पाठीवर फवारणीचा पंप चढवून आला. त्याला बघून आणखी तिघांनी पंप आणले. फवारणीच्या पंपांनी आग विझवताना मी पहिल्यांदाच पाहत होते. बारीक पाणी, पण चार बाजूंनी, आणि पुढे पुढे सरकत. मी फांदी घेऊन मारत होते, डोळ्यांतून पाणी, नाकात धूर. धुऱ्याकडची एक लांब पट्टी जळाली. बाकीचं वाचलं.

शेजारी पंप उतरवून खाली बसला. तोंड काळं झालं होतं. काकाजी त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता काही तरी होणार.

"पंप रिकामा झाला का?" काकाजींनी विचारलं.

"झाला."

"मंग भरून ठेव. अजून धूर निघून राह्यला."

शेजाऱ्यानं पंप भरून आणला, राहिलेला धूर विझवला आणि जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, पुढच्या साली माह्याबी वावरात सांगजा काय करायचं ते. मले ही आगपेटी आता नोको."

जूनमध्ये काकू आणि गावातल्या बायकांनी काडाच्या मधे तूर आणि सोयाबीन टोकलं. पेरणीयंत्र काडात अडकलं असतं म्हणून हातानं. त्याआधी शेण कालवलेलं पाणी काडावर दोनदा शिंपलं होतं. जुलैत एक दिवस जोराचा पाऊस झाला. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. शेजारच्या वावरांत सऱ्यांमधून पाणी साचलेलं, धुऱ्यावरून काळं पाणी नाल्याकडे चाललेलं. काकाजींच्या वावरात पाय रुतत होता पण पाणी उभं नव्हतं. त्यांनी काड बाजूला सारलं आणि हातानं माती उचलली. ती मुठीत दाबली तर गोळा झाला, सोडली तर भुसभुशीत मोकळी झाली. तिच्यात दोन गांडुळं होती.

"बापाच्या वेळंपासून मी हे वावर पाह्यतो," ते म्हणाले, "उन्हाळा गेला का इथं भेगात हात जाय. या साली भेग दिसली नाई."

सप्टेंबरात पावसानं दडी मारली तेव्हा त्यांचं सोयाबीन इतरांसारखं लवकर सुकलं नाही. ते पीक घरात आलं, आणि त्या सालच्या तुरीबद्दल काकू अजून बोलतात. शेजाऱ्यानं शब्द पाळला. त्याच्याबरोबर आणखी काही घरांनीही. माझ्या वडिलांना मी फोनवर सगळं सांगायचे. ते म्हणायचे, काकाजींना आमचा नमस्कार सांग. एकदा ते स्वतःच पुलगावहून बसनं आले आणि दोघे म्हातारे त्या वावरात दुपारभर बसून बोलत होते. काय बोलले ते मला कुणीच सांगितलं नाही.

गेल्या हिवाळ्यात महामार्गावरच्या जाम गावी समुद्रपूर तालुक्यातल्या कास्तकारांची बैठक होती. चौकाजवळ एक मंगल कार्यालय घेतलं होतं. मी काकाजींना बोलायला नेलं. माणसं बरीच होती, गहू-चणा घेणारी, महामार्गावरच्या हॉटेल-टपऱ्यांच्या धंद्यातून परत शेतीकडे वळलेली. मी सगळं मांडल्यावर एकानं उभं राहून विचारलं, "मॅडम, तुम्ही म्हणता तसं केलं अन् पीक पिवळं पडलं तं?"

मी उत्तर द्यायला उठणार तेवढ्यात काकाजी उभे राहिले.

"पडन ना," ते म्हणाले. "माहं पडलं. मंग हिले फोन करजा. ही येते. अन् चूक हिची असली तं चार लोकांत उभी राहून सांगते. आमच्याकडं तं विहारात सांग्तलं."

लोक हसले, मीही हसले. बैठक संपल्यावर तो प्रश्न विचारणारा शेतकरी मला मोटारसायकलवर बसवून आपल्या वावरात घेऊन गेला. तिकडची जमीन हलकी, मुरमाड. काळ्या मातीचे सगळे हिशोब तिथं चालणार नव्हते, हे मी आधीच सांगून टाकलं. तो म्हणाला, "चालते. मंग आपण पाहू काय चालते ते." मी पिशवीतून चौकट काढली. ती ठोकायला तो सब्बल आणायला गेला.